काउंटर एकशे बारा

कॅसेटवर मामाचा आवाज सहा सेकंदांचा आहे. "पाढे. काउंटर एकशे बारा. आता कोणी बोलू नका रे." काउंटर म्हणजे टेप कुठवर आली ते दाखवणारा टेपरेकॉर्डरवरचा आकडा. मागे आजीच्या भांड्यांची आदळआपट. मग वायर खुपसल्याचा 'खट्' आणि त्यानंतर आवाजाच्या रूपात साठवलेल्या संगणकाच्या प्रोग्रॅमची ती किंचाळी: पाच सेकंद एकसुरी शिट्टी, क्षणभर फर्रर्, पुन्हा शिट्टी, आणि मग कढईत पापड सोडल्यासारखी चुरचुर.

ही कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि तिची टीझेडएक्स नावाची फाईल केली, तेव्हा त्या सहा सेकंदांच्या जागी एकच नोंद उमटली. तिचा अर्थ: थांबा, ६२०० मिलिसेकंद. मामा, आजी, भांडी, सगळं मिळून 'शांतता'. आजीच्या स्वयंपाकघराला शांतता म्हणणारा मला आजवर दुसरा कोणी भेटलेला नाही.

मामाकडे स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक होता. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. झेड८० प्रोसेसर, वेग ३.५ मेगाहर्ट्झ, १६ केबी रॉम, म्हणजे चिपमध्ये कायमची कोरलेली स्मृती, आणि मोठ्या मॉडेलमध्ये ४८ केबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती. पुढे त्याची कडक बटणांची सुधारित आवृत्ती आली आणि डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तीच परवाना घेऊन भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून विकली. मामा तेव्हा चिंचवडला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होता. त्याने तो कसा परवडवला हे मामीला अजून नीटसं कळलेलं नाही. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि साठवणीला घरातलाच टेपरेकॉर्डर. आजोबांनी आकाशवाणीवरून उतरवून घेतलेल्या नाट्यसंगीताच्या कॅसेटची दुसरी बाजू मामाने परस्पर वापरली. पाढ्यांचा प्रोग्रॅम संपला की चिरका 'टक्' होतो आणि एक नाट्यपद मधल्याच आलापापासून सुरू होतं. आजोबांनी त्यावरून आठवडाभर अबोला धरला होता म्हणे.

त्या यंत्राचं सोंग आता लॅपटॉप हुबेहूब वठवतो. एम्युलेटर म्हणजे बहुरूपीच. फ्यूज नावाचा मोफत मिळणारा बहुरूपी मी वापरते. पण सोंगाला खायला काय घालायचं? कॅसेट तर लॅपटॉपला लावता येत नाही. म्हणून कॅसेटची, तबकडीची (म्हणजे फ्लॉपीची), चिपची 'इमेज' करायची. या शब्दाला मराठीत काय म्हणावं यावर मी बराच वेळ घालवला आहे. प्रतिमा म्हटलं की देवघर डोळ्यांपुढे येतं, प्रत म्हटलं की झेरॉक्सचं दुकान. शेवटी इमेजच म्हणते. पण कॅसेटची इमेज म्हणजे नेमकी कशाची इमेज, हा प्रश्न शब्द बदलून सुटत नाही. कारण एकाच कॅसेटच्या माझ्याकडे आता चार फाईली आहेत आणि चौघींचं त्यावर एकमत नाही.

सगळ्यात साधी टॅप. तिच्यात आवाज नसतोच. दोन बाइटांत आकडा, की पुढचा ठोकळा इतका लांब. मग तो ठोकळा. पुन्हा आकडा, पुन्हा ठोकळा. प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी एक शीर्षकाचा ठोकळा येतो, तो १९ बाइटांचा: खुणेचा एक, माहितीचे १७ (प्रकार, दहा अक्षरांचं नाव, लांबी वगैरे) आणि शेवटी पडताळणीचा एक. शिट्टी किती वेळ वाजली, दोन ठोकळ्यांत माणूस किती वेळ थांबला, याच्याशी टॅपला देणंघेणं नाही. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये कॅसेट लिहायची जी रीत आहे त्याच रितीने ती लिहिली असणार, हे ती धरूनच चालते: शून्यासाठी ८५५ ठोक्यांच्या दोन अर्धलहरी, एकासाठी १७१० ठोक्यांच्या दोन, ठोके अर्थात प्रोसेसरच्या घड्याळाचे. मामासारख्या सरळ माणसाच्या कॅसेटला एवढं पुरतं. पण खेळ विकणाऱ्या कंपन्या सरळ नव्हत्या. कोणी वेग वाढवला, कोणी शिट्टीची लांबी बदलली, कोणी रॉम बाजूला सारून स्वतःचीच वाचण्याची तऱ्हा घुसवली, म्हणजे शेजारच्या पोराला कॉपी करता येऊ नये. असल्या कॅसेट टॅपमध्ये मावेनात, तेव्हा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टीझेडएक्स आली. ती शिट्टीची लांबी लिहून ठेवते, प्रत्येक स्पंदाचं माप लिहून ठेवते, मधली थांबणी मिलिसेकंदात मोजते. त्याच थांबणीत मामा गेला.

टीझेडएक्समध्ये आवाज जसाच्या तसा कोंबायचीही एक सोय आहे, पण ती दर नमुन्याला एकच बिट देते, वर किंवा खाली. मी मामाचे सहा सेकंद त्यात घालून पाहिले. बाटलीत अडकलेला भुंगा पाढे म्हणतोय असं ऐकू आलं. काढून टाकलं.

तिसरी फाईल एसएनए. ही कॅसेटची इमेज नव्हेच. प्रोग्रॅम लोड होऊन चालू असताना एका क्षणी यंत्राला 'स्टॅच्यू' म्हणायचं आणि त्याच्या पोटात जे असेल ते उचलायचं. नेमके ४९,१७९ बाइट. पहिले २७ म्हणजे प्रोसेसरच्या मनातलं: रजिस्टरांतले आकडे आणि सगळ्यात शेवटी पडद्याच्या कडेचा रंग. उरलेले ४९,१५२ म्हणजे सगळी रॅम. गंमत अशी की कडेच्या रंगाला जागा ठेवणाऱ्या या फाईलीत प्रोसेसर प्रोग्रॅमच्या कुठल्या ओळीवर उभा होता हे लिहायला जागाच नाही. तो पत्ता रॅममधल्या स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या नोंदींच्या चळतीवर, टाकून देतात. म्हणजे रॅमचे दोन बाइट पुसून तिथे तो बसतो. फोटो काढताना फोटोग्राफरचं बोट फोटोत यावं तसं. बहुतेक वेळा ते दोन बाइट रिकामेच असतात. नसले तर खेळ चालू होताहोताच कोसळतो आणि आपण दोष देतो एम्युलेटरला. झेड८० नावाच्या फाईलीने ही चूक टाळली, शिवाय आकारही कमी केला. एकच बाइट पाच किंवा जास्त वेळा सलग आला तर चार बाइटांत उरकायचं: आधी 'ईडी ईडी' अशी खूण (ईडी हे बाइटाच्या एका किमतीचं नाव), मग किती वेळा, मग कोणता. आता एखाद्या प्रोग्रॅममध्ये मुळातच दोन 'ईडी' शेजारी आले तर? त्यांच्यापुरता नियम उलटा, दोनच असले तरी चार बाइटांत लिहायचे. असले नियम वाचताना मला फार बरं वाटतं. कोणीतरी रात्री जागून या भानगडीचा विचार केलेला असतो.

तरी असल्या 'स्टॅच्यू' फाईलींशी, म्हणजे स्नॅपशॉटशी, माझं फार जमत नाही. दारातून न येता एकदम माजघरात उभं राहिल्यासारखं होतं. स्पेक्ट्रमवर 'जे' दाबलं की पडद्यावर लोड हा अख्खा शब्द उमटायचा, मग अवतरणचिन्हं दोनदा, एंटर, मग टेपचं बटण. शिट्टी चालू असेतो पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे, माहिती येऊ लागली की निळे-पिवळे. मग खेळाचं चित्र भरायचं, तेही सरळ वरून खाली नव्हे, पडद्याचा एकेक तृतीयांश घेऊन, झडपा मिटत गेल्यासारखं. ४८ केबी भरायला चार-पाच मिनिटं आणि शेवटच्या क्षणी 'टेप लोडिंग एरर'. मामा मग घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवायचा. स्नॅपशॉटमध्ये यातलं काही नाही. चित्रसुद्धा नाही, कारण खेळ सुरू होताना ते पुसलं गेलेलं असतं.

तबकडीवाल्यांची दुखणी वेगळी. कमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती संगणकाच्या तबकडीची इमेज म्हणजे डी६४: १,७४,८४८ बाइट, ३५ ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, आणि त्यांचे ६८३ तुकडे म्हणजे सेक्टर. बाहेरच्या मोठ्या ट्रॅकवर २१ सेक्टर, आतल्या छोट्यावर १७. ही फाईल प्रत्येक सेक्टरातला मजकूर प्रामाणिकपणे उतरवते. पण कित्येक खेळांच्या तबकड्यांवर कंपनीने मुद्दाम एखादा सेक्टर नासवलेला असे. खेळ आधी तो वाचायला जाई. वाचता आला नाही तरच पुढे सरके. खोट नसेल तर प्रत खोटी! मग डी६४ च्या शेपटीला आणखी ६८३ बाइट जोडायची पद्धत पडली, दर सेक्टरला एक, त्याची दुखापत नोंदवायला. ॲपल टू या संगणकाच्या तबकडीच्या इमेजचं तर पोथीसारखं आहे. पोथीची पानं सुटी असतात. वाचणाऱ्याला क्रम माहीत असला तर ठीक. १,४३,३६० बाइटांची फाईल, ३५ ट्रॅक, प्रत्येकी १६ सेक्टर. पण हे सोळा कोणत्या क्रमाने लावायचे याच्या दोन परंपरा आहेत, डॉस आणि प्रोडॉस या ॲपलच्या दोन कार्यप्रणालींच्या, आणि दोन्ही फाईलींची लांबी अगदी सारखी. पानांवर आकडे नाहीत. चुकीच्या परंपरेने वाचलं की अध्यायांची खिचडी.

म्हणून मग मजकुराच्याही खाली उतरणारे लोक निघाले. चुंबकत्व तबकडीवर कुठे कुठे उलटतं, दोन उलट्यांमध्ये किती वेळ जातो, तेवढंच मोजायचं. अर्थ नंतर लावायचा. ग्रीझवीझलसारखं छोटंसं सर्किट जुन्या ड्राइव्हला जोडून हे घरीही करता येतं. दीडशे केबीच्या तबकडीची फाईल मग कित्येक एमबींची होते. ॲपलवाल्यांची २०१८ ची वॉझ ही फाईल याच वाटेवरची, फक्त आटोपशीर. माझ्या कॉलेजच्या फ्लॉप्या मी अशा वाचायला काढल्या होत्या. चिपळूणच्या घरातल्या कपाटात त्या पंधरा पावसाळे राहिलेल्या. झडप सरकवून पाहिलं तर चकतीवर पांढरी बुरशी, कोकणातल्या चपलांवर येते तीच. पुसून तीन वाचल्या. त्यातल्या दोनवर प्राक्टिकलचे जर्नल निघाले, तेही मैत्रिणीचे.

असो. मामाचे पाढे.

स्पेक्ट्रममध्ये आपल्याला आपली २१ चिन्हं घडवता येत. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ चौकटींचं. आठ ओळी, दर ओळीला एक बाइट. ए ते यू या २१ अक्षरांच्या कळांवर ती बसतात. २१ गुणिले ८ म्हणजे १६८ बाइट आणि ते रॅमच्या अगदी शेवटी राहतात. एसएनए फाईलचे शेवटचे १६८ बाइट म्हणजे हीच चिन्हं. मामाला मला मराठीत पाढे विचारायचे होते. ० ते ९ असे दहा अंक गेले. उरली अकरा घरं. त्यात त्याने चार शब्द बसवले: बरोबर, चूक, पुन्हा, शाबास. मोजून पाहा. ब, र, ो, चू, क, पु, न्, ह, ा, श, स. अकरा. शाब्बासमधला अर्धा ब मावला नाही. मला लहानपणी वाटायचं मामाला शुद्धलेखन येत नाही.

टॅप फाईल फ्यूजमध्ये चढवली तेव्हा प्रोग्रॅम आला, पण पडद्यावर आकड्यांच्या जागी एच आणि आय. मी ५६ टाकलं तर उत्तर आलं: के एल एम के एल. कारण सरळ होतं. चिन्हं भरलेली नसली तर त्या २१ घरांत ए ते यू हीच अक्षरं असतात. प्रोग्रॅमच्या पाठोपाठ टेपवर चिन्हांचा दुसरा ठोकळा होता. तो पडताळणीत नापास झाला आणि माझ्या साधनाने तो न विचारता गाळून टाकला होता. मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. पडद्यावर आलं एन आणि ओ. 'नो'! चूक या शब्दाची दोन घरं नेमकी त्या दोन कळांवर पडली होती. मामाला नंतर विचारलं, हे मुद्दाम केलं होतंस का? तो म्हणाला, "हो तर." मला संशय आहे.

गाळलेला ठोकळा शोधायला मूळ आवाजाची डब्ल्यूएव्ही फाईल उघडली. ही चौथी, जिच्यात मामा, आजी, भांडी आणि नाट्यपद सगळं आहे. अख्खा ठोकळा सेकंदभराचा. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे शून्याची लहर २१-२२ नमुन्यांची आणि एकाची ४३ ची. ताणून मोठं केलं की डोळ्यांनीही वाचता येतं, बुटकं शून्य आणि लांबट एक. खुणेचा आणि पडताळणीचा बाइट धरून १७० बाइट, म्हणजे १३६० बिट हवेत. हाती आले १३५९.

एक बिट हरवला. कुठे? एक हरवला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात आणि आकड्यांत पाहून काही कळत नाही. मी ते आठ-आठच्या ओळींनी वहीवर मांडले, एकाला ठिपका, शून्याला मोकळं. पहिल्या ८० ओळी अंकांच्या, पुढच्या ८८ अक्षरांच्या. अक्षरांच्या भागात आले आणि हसूच आलं. मामाने मात्रेला जागा ठेवायची म्हणून शिरोरेखा प्रत्येक अक्षराच्या दुसऱ्या ओळीत घेतली होती. ती आठही ठिपक्यांची सलग हवी. इथे प्रत्येक अक्षरात पहिल्या ओळीच्या टोकाला एक आगंतुक ठिपका आणि दुसऱ्या ओळीत सातच. अकराच्या अकरा अक्षरांत तस्सं. 'ब'च्या आधीच रेघ सरकलेली होती, म्हणजे चोरी अंकांत झाली होती. आणि अंकांना शिरोरेखा नसते! अक्षरांत असती तर रेघेनेच घर दाखवलं असतं. ऐंशी ओळी लहरीत डोळ्यांनी तपासल्या. सहाच्या पोटात एका ठिकाणी लहर जवळजवळ सपाट झाली होती; टेपवरचा लेप उडाला असावा. तिथे एक बिट घातला. आधी शून्य घालून पाहिलं, पडताळणी चुकली. एक घातल्यावर जुळली आणि खाली अकराही रेघा आपापल्या जागी बसल्या.

दुरुस्त टॅप तयार झाली. टीझेडएक्समध्ये एक मजकुराची नोंद ठेवता येते, शक्यतो तीसेक अक्षरांची, एस्कीतच, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत. काउंटर एकशे बारा मी तिथे रोमन लिपीत लिहून ठेवलं.

दिवाळीनंतर लॅपटॉप घेऊन चिंचवडला गेले. मामाने सत्तरी ओलांडली आहे, चष्मा कपाळावर ठेवून शोधत असतो. फ्यूजने १९८२ च्या कॉपीराइटची ओळ दाखवताच म्हणाला, "सरक गं." आणि एका बोटाने टाइप केलं: प्रिंट १/२=.५. उत्तर आलं शून्य. म्हणजे असत्य. मामा खुर्चीत मागे रेलून समाधानाने हसला. स्पेक्ट्रमच्या रॉममधली ही भागाकाराची जुनी चूक. एम्युलेटर चालतो तो त्याच १६,३८४ बाइटांच्या रॉमच्या इमेजवर. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅड या कंपनीने विकत घेतला आणि पुढे ही रॉम एम्युलेटरांसोबत वाटायला परवानगी दिली, चुकीसकट. अर्धा अजूनही अर्ध्याइतका होत नाही.

"आता लाव," मामा म्हणाला. मी टॅप उघडली, तर प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. "हे काय? टेप कुठे वाजली?" मी झटपट लोड करायची सोय बंद केली, आवाज वाढवला, पुन्हा लावलं. शिट्टी सुरू झाली. लाल-निळसर पट्टे. आतून मामी म्हणाली, "अगं बाई, परत ते?" मामाने नकळत डावा हात टेबलावर ठेवला होता, टेपरेकॉर्डर असायचा तिथे. पहिला ठोकळा, दुसरा ठोकळा. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर जाड्याभरड्या आकड्यांत उमटलं ७*८=.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत नव्हता.

"टेप थांबव आधी," मामा म्हणाला. "पुढे बाबांचं गाणं आहे."

मी थांबवायचं बटण दाबलं. फाईल तिथेच संपत होती.